कचेरीचे स्वयंपाकघर

नवी कचेरी थाटायची असली की पहिल्यांदा साहेबांची खोली ठरते. मग बैठकीची खोली, मग पाहुण्यांनी बसायची जागा, मग हिशेबखाते. भिंतीवर कोणाच्या तसबिरी लावायच्या हेही बहुधा त्याच दिवशी ठरते. एवढे झाले म्हणजे नकाशावर कुठेतरी एक कोपरा उरतो. जिन्याखालचा, संडासाच्या शेजारचा, नाहीतर दोन कपाटांच्या मधला. त्या कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने एक चौकोन काढतो आणि त्यात लिहितो, ‘झेरॉक्स’. ज्या यंत्रापाशी कचेरीतले बहुतेक प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी येते, त्याच्या वाट्याला अशी उरलेली जागा यावी याचे मला पुष्कळ वर्षे नवल वाटत आले आहे.

आपल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराचे असेच होई. ओसरी प्रशस्त, माजघर ऐसपैस, दिवाणखान्याला नक्षीचे खांब. आणि घरातल्या बायकांचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत ज्या खोलीत जायचा ती मात्र मागल्या अंगाला, एका झरोक्याची, धुराने काळवंडलेली. बांधणाऱ्याने बायकांशी वैर धरले होते अशातला भाग नाही. ज्याने घर आखले तो त्या चुलीपुढे कधी बसला नव्हता, एवढेच. कचेरीतल्या छपाईच्या आणि नकलांच्या जागेचे दुखणे याहून फारसे निराळे नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत आमची कचेरी आहे. १९९१ साली मी तिथे कारकून म्हणून लागले, आणि आता व्यवस्थापनाचे काम पाहते. २०२२ साली, करोनाच्या दोन वर्षांनंतर माणसे पुन्हा रोज कामावर येऊ लागली, तेव्हा वरिष्ठांनी ठरवले की टेबलाटेबलांवरचे छोटे प्रिंटर काढून टाकायचे आणि सगळ्यांना मिळून एकच मोठे यंत्र एका जागी बसवायचे. ते प्रिंटर मी मोजले, १७ भरले. त्यांना तऱ्हेतऱ्हेची कार्ट्रिजे लागत, आणि ज्याचे संपे नेमके तेच कपाटात नसे. ठराव शहाणपणाचा होता. जागा शोधून द्यायचे काम माझ्याकडे आले.

नकला काढण्याच्या तीन पिढ्या मी या कचेरीत पाहिल्या आहेत. लागले तेव्हा पत्रे टाइपरायटरवर कार्बन घालून निघत. चौथी प्रत पुसट आणि पाचवी नुसती समाधानापुरती. परिपत्रक असले म्हणजे स्टेन्सिल कापायचे. त्यासाठी टाइपरायटरची फीत बाजूला सारावी लागे, म्हणजे अक्षराचा घाव थेट मेणाच्या थरात उतरे. चूक झाली की तिच्यावर नखांना लावायच्या रंगासारखे एक द्रव्य लावायचे, फुंकर घालायची आणि ते वाळले की पुन्हा टाइप करायचे. मग ते स्टेन्सिल जिन्याखालच्या खोलीत सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढे.

त्या खोलीचे धनी होते मामा. हजेरीपटावर त्यांचे नाव होते. पण १९८४ साली विसाव्या वर्षी शिपाई म्हणून लागलेला हा गृहस्थ पंचविशी गाठायच्या आतच साऱ्या कचेरीचा मामा झाला होता. त्यांच्या बोटांच्या पेरांत शाई मुरलेली असे. पुढे १९९४ साली सायक्लोस्टाइल गेले आणि त्याच खोलीत झेरॉक्सचे यंत्र आले. यंत्र बदलले, बोटांवरची शाई गेली. खोली तीच राहिली. तिला खिडकी नव्हती.

या यंत्राची जन्मकथा मला आवडते, कारण तीही एका स्वयंपाकघरात सुरू होते. न्यूयॉर्क शहरात चेस्टर कार्लसन नावाचा एक गृहस्थ एका कंपनीच्या पेटंट खात्यात नोकरीला होता. तिथे कागदपत्रांच्या प्रती कधी पुरत नसत. हाताने उतरवून घ्यायच्या तर दृष्टी अधू आणि सांधे धरलेले. फोटो काढून घ्यायचे तर खर्च आणि खोळंबा. तेव्हा त्याने घरच्या स्वयंपाकघरातच प्रयोग मांडले. त्यात गंधक वितळवणे आले. घरात काय दर्प सुटत असेल, आणि घरची माणसे काय म्हणत असतील, याची कल्पनाच केलेली बरी!

पुढे त्याने ॲस्टोरिया नावाच्या भागात प्रयोगासाठी वेगळी खोली घेतली, आणि तिथे २२ ऑक्टोबर १९३८ रोजी ऑटो कॉर्नेई या मदतनिसाबरोबर पहिली कोरडी नक्कल काढली. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर. तो रुमालाने घासून त्याच्यावर विजेचा भार आणायचा. काचेच्या पट्टीवर शाईने त्या दिवसाची तारीख आणि ‘ॲस्टोरिया’ हे नाव लिहिलेले. ती पट्टी पत्र्यावर ठेवून प्रखर उजेड पाडायचा. उजेड जिथे पडतो तिथला भार निघून जातो, अक्षरांच्या सावलीतला राहतो. मग लायकोपोडियमची बारीक भुकटी पेरली की ती त्या अक्षरांनाच चिकटते. ती मेणकागदावर उतरवून घेऊन कागद तापवला, आणि नक्कल पक्की झाली. आजचे यंत्रही मुळात हेच करते. गंधकाच्या पत्र्याच्या जागी फिरता ड्रम आला आणि भुकटीच्या जागी टोनर. मात्र साधा कागद घालून कोणाही कारकुनाला चालवता येईल असे यंत्र बाजारात यायला १९५९ साल उजाडले. त्याचे वजन तीनशे किलोच्या आसपास होते, आणि आत कागद पेटलाच तर जवळ असावे म्हणून त्याच्याबरोबर आग विझवण्याचे नळकांडे देत असत.

ज्याचे स्वतःचे हात नकला उतरवून दुखत होते, अशा माणसाने हे यंत्र शोधले. त्याची जागा आखताना मात्र नक्कल काढणाऱ्या हातांची आठवण फारशी कोणाला होत नाही.

जागा पाहायची म्हणजे काय काय पाहावे लागते ते मी तेव्हा एकेक करून लिहून काढले. यंत्र दारातून आत आले म्हणजे भागले असे होत नाही. त्याचे कप्पे पुढे ओढावे लागतात, बाजूची दारे उघडावी लागतात, आणि अडकलेला कागद काढायला माणसाला त्याच्या पुढ्यात बसावे लागते. मी जमिनीवर खडूने यंत्राचा आकार आखला. मग सगळी दारे-कप्पे उघडे धरून पुन्हा आखला. दुसरा आकार पहिल्याच्या दुपटीहून मोठा निघाला. विजेचे तसेच. अक्षरे पक्की करणारा आतला रूळ तापतो तेव्हा एकदम पुष्कळ वीज ओढतो. त्याला पंख्या-दिव्यांच्या वायरीवर जोडले तर दिवे लुकलुकतात. त्याला स्वतंत्र वायर आणि १६ ॲम्पिअरचा पॉवर प्लग लागतो. संगणकाच्या यूपीएसवर तर त्याला जोडूच नये. तो झटका बिचाऱ्या यूपीएसला सोसत नाही.

कागदाचे गणित त्याहून गमतीचे. ए-फोरचे १६ कागद शेजारी शेजारी मांडले तर जवळजवळ एक चौरस मीटर भरतो. म्हणून ‘८० ग्रॅम’चा एक कागद ५ ग्रॅमचा, ५०० कागदांचे रीम अडीच किलोचे, आणि दहा रिमांचे खोके २५ किलोचे. हे खोके कोणीतरी उचलणार असते. तेव्हा कागदाचे कपाट यंत्राच्या जवळ हवे, आणि रोजची रिमे कमरेच्या उंचीवर हवीत. त्यातून मुंबईचा जुलै. हवेतला ओलावा कागद पितो, त्याच्या कडा वळतात आणि यंत्रात तो हटकून अडकतो. म्हणून रीम फोडेपर्यंत वेष्टनात राहू द्यावे, आणि जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे. आमच्या आया लोणच्याच्या बरण्या आणि पापडांचे डबे पावसाळ्यात याच रीतीने सांभाळत. खोलीला खिडकी हवी; पण ऊन थेट यंत्रावर येता कामा नये, आणि गार हवेचा झोतही नको. टोनर सांडला तर झाडू मारू नये, तो उडून नाकातोंडात जातो. गार पाण्याच्या ओल्या फडक्याने हलकेच पुसून घ्यावा. गरम पाणी मात्र वापरू नये, कारण उष्णतेने वितळून चिकटणे हाच त्याचा धर्म.

पाहण्याजोग्या जागा तीन होत्या. नकाशा काढणाऱ्या तरुण वास्तुविशारदाने लिफ्टसमोरचा बोळ सुचवला होता. तिथे भिंत घालावी लागत नव्हती, खर्च नव्हता, आणि सगळ्यांना ती जागा सारखीच जवळ होती. दुसरी, मामांची जिन्याखालची खोली. तिसरी, मागच्या गल्लीकडे खिडकी असलेली एक खोली. तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि जुनी दप्तरे भरली होती.

लिफ्टसमोरच्या बोळाला माझी हरकत होती, आणि तिला कारण होते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकारिणीला ‘कारणे दाखवा’ नोटीस द्यायची होती. ती छापायचा हुकूम कोणीतरी बोळातल्या प्रिंटरला दिला आणि स्वतः बैठकीला निघून गेले. कागद तासभर त्या तबकात पडून राहिला. आपापले कागद घ्यायला आलेल्यांनी तो पाहिला, बाजूला ठेवला, पुन्हा पाहिला. दुपारी ती नोटीस त्या बाईंच्या हातात पडली तेव्हा आपल्यावर काय आरोप आहे हे समजलेली ती कचेरीतली शेवटची व्यक्ती होती. पुढे चौकशीत त्या निर्दोष ठरल्या. पण त्या दिवसानंतर त्या डबा खायला आमच्यात कधी बसल्या नाहीत. नक्कल काढण्याची जागा वाटेवर असू नये हे मला त्या दिवशी पटले.

मामांच्या खोलीत असे कधी घडले नव्हते. मामांची एक सवय होती. नक्कल निघाली की ती उपडी करून ते हातात देत. पगारपत्रक असो, बदलीचा हुकूम असो, की कोणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका असो. कागदाची पाठ वर. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून कोणाच्या कागदातली ओळ बाहेर आली नाही.

तेव्हा मी मामांनाच विचारायचे ठरवले. खडू आणि फीत घेऊन त्यांना मागच्या खोलीत नेले आणि म्हटले, “मामा, इथे सारा दिवस तुम्हांला उभं राहायचंय. काय काय हवं ते सांगा.”

मला वाटले होते ते खिडकीचे बोलतील. त्या काळात त्यांना खोकला लागे. तो यंत्राच्या भुकटीचा, बंद खोलीतल्या उबाऱ्याचा, की वयाचा, हे कोणी छातीठोक सांगू शकले नसते. पण अशी यंत्रे उष्णता, थोडा ओझोन आणि बारीक कण हवेत सोडतात, आणि ती खेळत्या हवेत ठेवा असे यंत्र विकणारेच आपल्या पुस्तिकेत छापतात. खिडकी हवी हे ठरवायला डॉक्टरची गरज नव्हती.

मामा म्हणाले, “खिडकी आहे ते बरंच झालं ताई. पण आधी यंत्राचं तोंड फिरवा. माझी पाठ दाराकडे नको.”

“का हो?”

“मागून येऊन लोक खांद्यावरून वाचतात. त्यांचंही चुकत नाही, डोळा जातोच. माझं तोंड दाराकडे असलं म्हणजे कोण आलं ते मला दिसतं, आणि कागद उपडा करायला वेळ मिळतो.”

मग त्यांनी टेबल मागितले, प्रती जुळवायला. आमच्या वार्षिक सभेच्या अहवालाच्या प्रती लावायच्या म्हणजे पानापानाचे गठ्ठे ओळीने मांडून त्यांच्यापुढून येरझाऱ्या घालायच्या. मोठ्या यंत्राने आता ते आपोआप होणार होते; तरी शिवणे, भोके पाडणे, पाकिटांत भरणे उरतेच. टेबलाची उंची किती हवी म्हणून विचारले, तर त्यांनी कोपर वाकवून हात पुढे धरला आणि म्हणाले, “इथवर.” मी जमिनीपासून मोजले, ३८ इंच भरले.

मला आमच्या घरचा ओटा आठवला. चूल गेली, स्टोव्ह आला, आणि वडिलांनी हौसेने उभ्याचा ओटा बांधून घेतला. गवंड्याने तो त्याच्या मापाने बांधला. आई ठेंगणी. पोळी लाटताना तिचे खांदे वर चढत, म्हणून ती पायांखाली पाट घेऊन उभी राही. तीस वर्षे ती त्या पाटावर उभी राहिली. बांधायच्या आधी तिच्या कोपराला फीत कोणी लावली असती तर दोन मिनिटांचे काम होते.

शेवटी मामा थोडे घुटमळले आणि म्हणाले, “ताई, नकाशात खुर्ची आहे का?”

मी नकाशा उघडला. यंत्र होते, कपाट होते, टेबल होते, रद्दीचा डबा होता, कागद फाडायचे यंत्रसुद्धा होते. खुर्ची नव्हती. विसरली होती असेही नव्हे. नवे यंत्र कार्डावर चालणारे होते: ज्याचे काम त्याने आपल्या टेबलावरून हुकूम द्यायचा, यंत्रापाशी येऊन कार्ड टेकवायचे, की मगच कागद बाहेर येतो. तबकात कोणाचे काही पडून राहात नाही. योजना चांगलीच होती. त्या सहकारिणीच्या वेळी ती असती तर पुढचे सारे टळले असते. पण या योजनेत उभ्याउभ्या येऊन जाणारी माणसे होती, बसणारे कोणी नव्हते.

मी पेन्सिलीने टेबलाच्या मागे, दाराकडे तोंड करून, एक लहान चौकोन काढला आणि त्यात लिहिले, ‘खुर्ची’.

बैठकीत खिडकीवर वाद झाला नाही, स्वतंत्र वायरीच्या खर्चावर झाला नाही, हिशेबखात्याला ४० पावले चालावी लागतील यावरही फारसा झाला नाही. वाद झाला तो त्या चौकोनावर. एका वरिष्ठांनी चष्मा काढून सरळच विचारले, “खुर्ची म्हणजे माणूस आला. माणूस म्हणजे जागा आली. ती जागा आपण ठेवणार आहोत का?” आपल्या भाषेत खोलीच्या कोपऱ्यालाही जागा म्हणतात आणि नोकरीच्या पदालाही, दोन्ही अर्थ त्या टेबलावर एकदम येऊन बसले. मी म्हटले, “यंत्र अडकल्यावर कंपनीचा माणूस येईपर्यंत कोणीतरी ते उघडणार, कागद कोणीतरी भरणार, अहवालाच्या प्रती कोणीतरी जुळवणार. हे काम कोणाचेच नाही असे ठरले तर ते अधूनमधून सगळ्यांचे होईल. त्यात किती तास जातील तेही मांडून पाहू.” आणि मागल्या महिन्याची मामांची कामांची वही मी पुढे ठेवली. यंत्रात कागद किती वेळा अडकला, कोणत्या खात्याच्या किती प्रती निघाल्या, सारे त्यांनी तारीखवार लिहून ठेवले होते. वही हातोहात फिरली. मामांच्या निवृत्तीपर्यंत जागा ठेवावी, पुढचे पुढे पाहावे, असे ठरले. मागितले होते त्याहून हे कमी होते. तरी खुर्ची नकाशात राहिली.

खोली सजली तेव्हा ती काही फार देखणी झाली नाही. खिडकीला जाळी, भिंतीला साधा रंग, एक पंखा, शिसवी टेबल, कपाटात कमरेच्या उंचीवर रिमे. पण माणसे तिथे येऊ लागली. दहा पावलांवर प्रिंटर होता तेव्हा जे एकमेकांना नुसते ओळखत, ते आता कार्ड टेकवून कागदांची वाट पाहताना बोलू लागले. कोणाची आई आजारी आहे, कोणाला रजा हवी आहे, कोणत्या परिपत्रकाचा अर्थ कोणाला लागलेला नाही, हे मला त्या खोलीत समजे. माझ्या टेबलावर ते कधी आले नसते. जुन्या गावात पाणवठ्याचे जे काम होते, ते इथे या यंत्राने केले. आणि यंत्र कार्डाचे असले तरी मामा जुळवलेल्या प्रती अजून उपड्याच हातात देत.

मामा २०२४ साली निवृत्त झाले. ठरल्याप्रमाणे त्यांची जागा भरली नाही. पहिल्या महिन्यात सगळे सुरळीत चालले. दुसऱ्या महिन्यात कागद अडकला की जो तो यंत्राचे एक दार उघडून पाही आणि तसेच सोडून निघून जाई. ऐन अहवालाच्या आठवड्यात यंत्र दोन दिवस बंद राहिले. पावसाळ्यात कोणीतरी रिमांचे खोके खिडकीखाली जमिनीवर ठेवले आणि चार रिमे फुकट गेली. मी मामांच्या वहीप्रमाणेच हे सारे तारीखवार लिहून वरती पाठवले. दिवाळीच्या सुमारास उत्तर आले: अर्ध्या दिवसासाठी, कंत्राटावर, एक माणूस घ्यावे.

आली ती विशीतली मुलगी. पहिल्या दिवशी तिला खोली दाखवली, वही दिली, कागद उपडा का द्यायचा ते सांगितले. तिने मान डोलावली. आठवड्याने मी सहज तिकडे गेले तेव्हा ती टेबलापाशी अहवाल शिवत होती, आणि तिच्या पायांखाली कागदाची दोन न फोडलेली रिमे होती. मामा उंच होते. त्यांच्या कोपराला ३८ इंच बरोबर होते, हिच्या नव्हते.

“असं का गं?” मी विचारले.

ती चटकन खाली उतरली. “सॉरी मॅडम. पण सवय होईल मला.”

त्या दिवशीच मी सुताराला निरोप पाठवला. तो दुसऱ्या दिवशी करवत घेऊन आला आणि चांगल्या शिसवी टेबलाचे पाय कापायचे म्हणून कुरकुरला. मी त्या मुलीला टेबलापाशी उभे केले, कोपर वाकवायला सांगितले आणि फीत लावली. ३५ इंच. त्याने चारही पायांवर खूण केली, आणि ती बरोबर आहे की नाही हे मला न विचारता त्या मुलीला विचारले.